‘कामावर परत घ्या’

१९२८ साली मुंबईच्या गिरणी कामगारांनी जवळजवळ सहा महिने संप केला. एप्रिलमध्ये गप्प झालेले भोंगे ऑक्टोबरात पुन्हा वाजू लागले. तोवर घरातली भांडीकुंडी सावकाराकडे पोचली होती, बिऱ्हाडं कोकणात आणि घाटावर निघून गेली होती, खोलीभाडं थकलं होतं. अशा माणसांनी वर्षभर तरी संपाचं नाव काढू नये, असं कुणालाही वाटेल. पण १९२९ च्या एप्रिल संपता संपता तीच माणसं पुन्हा गेटाबाहेर पडली. या वेळी ठिणगी पगारवाढीची नव्हती. वाडियांच्या ताब्यातल्या गिरण्यांमधून आदल्या संपात पुढे असलेल्या कामगारांना काढून टाकण्यात आलं होतं आणि त्यांना परत घ्या, ही मागणी सगळ्या गिरणगावाने उचलली होती.

पोट रिकामं असताना दुसऱ्याच्या नोकरीसाठी संप का करावा? याचं उत्तर कामगाराला नोकरी मिळायची कशी आणि जायची कशी, यात आहे.

गिरणीत माणूस घ्यायचा आणि काढायचा तो मुकादम. मालक बोर्डात बसायचा, मॅनेजर पुष्कळदा इंग्रज किंवा पारशी. साच्यावर कोण उभं राहील हे सकाळी गेटापाशी मुकादम ठरवायचा. रजा त्याच्याकडे मागायची, गावाला जाऊन आल्यावर परत घे म्हणून त्याच्याच पाया पडायचं, आणि पगार झाला की दस्तुरी द्यायची. पगारही महिना संपल्यावर लगेच मिळत नसे. पुढच्या महिन्याच्या मध्यावर कधीतरी मिळे. त्यामुळे कामगाराची काही आठवड्यांची मजुरी कायम गिरणीकडे अडकलेली असे, आणि नोटीस न देता सोडून गेला तर ती बुडे. मॉरिस डेव्हिड मॉरिस या अमेरिकन अभ्यासकाने १९६५ च्या आपल्या ग्रंथात दाखवलं की मुंबईच्या गिरण्यांना माणसांची खरी टंचाई कधी नव्हतीच. गेटाबाहेर बदली कामगार उभेच असत. राजनारायण चंदावरकरांनी पुढे या चित्राला एक महत्त्वाची दुरुस्ती केली: मुकादम वाटतो तितका सर्वशक्तिमान नव्हता, त्यालाही आपल्या माणसांचं मन राखावं लागे, नाहीतर खातं चालत नसे. दोन्ही गोष्टी खऱ्या मानल्या तरी एवढं उरतंच की, काढून टाकण्याचं कारण कुणी कुणाला सांगायची पद्धत नव्हती. कागद नाही, साक्ष नाही, अपील नाही.

कायद्याकडे पाहावं तर तो सरळसरळ एका बाजूचा. १८५९ चा एक कायदा होता, त्यानुसार आगाऊ रक्कम घेऊन काम सोडणाऱ्या मजुराला तुरुंगात टाकता यायचं. तो रद्द झाला १९२५ मध्ये. मालकाने मजुराला काढलं तर मात्र कोर्ट फार तर नोटिशीच्या मुदतीचा पगार देववी. ‘याला परत कामावर घ्या’ असा हुकूम दिवाणी कोर्ट देत नसे, कारण नोकरीचा करार जबरदस्तीने पाळायला लावता येत नाही, हे इंग्रजी कायद्याचं तत्त्व १८७७ च्या विशिष्ट अनुतोष कायद्यातही उतरलेलं होतं. मनाविरुद्ध नोकर ठेवायला लावणं म्हणजे मालकाच्या स्वातंत्र्यावर घाला, असा युक्तिवाद. मनाविरुद्ध उपाशी राहणाऱ्याच्या स्वातंत्र्याचा विचार या तत्त्वात बसत नव्हता.

१९२८ चा संप मिटला तो न्या. चार्ल्स फॉसेट यांच्या समितीपुढे दोन्ही बाजू जातील या बोलीवर. समितीपुढे मजुरीच्या दरांचा घोळ मोठा होता, पण तितकाच जीव गुंतला होता तो गिरणीच्या स्थायी आदेशांत. किती दिवस न सांगता खाडा केला तर नाव कमी करायचं, कुठल्या चुकीला काय शिक्षा, नोटीस किती दिवसांची, काढताना कारण सांगायचं की नाही. मालक संघाने मसुदा मांडला, कामगार पुढाऱ्यांनी त्यावर कलमागणिक भांडण केलं. वाचायला रुक्ष वाटणाऱ्या त्या कलमांत पहिल्यांदाच हे मान्य झालं होतं की काढून टाकणं ही लिहून ठेवायची, वाद घालायची गोष्ट आहे.

समितीचा अहवाल येईपर्यंत गिरणी कामगार युनियनची सभासदसंख्या चोपन्न हजारांच्या घरात गेली होती. गिरणीगणिक कामगारांच्या समित्या उभ्या राहिल्या होत्या. खात्यात कुणाला बोलणं बसलं, कुणाचा साचा काढून घेतला, की समितीची माणसं थेट मॅनेजरच्या टेबलाशी जात. मुकादमाच्या हातातला निर्णय हळूहळू या समित्यांकडे सरकत होता आणि मालकांना खुपत होतं ते हेच. मार्च १९२९ मध्ये मीरत कम्युनिस्ट कट खटल्यासाठी डांगे, मिरजकर, घाटे, जोगळेकर, निंबकर यांच्यासोबत अर्जुन आळवे आणि कासले हे प्रत्यक्ष गिरणीत राबलेले पुढारीही पकडले गेले. पुढच्याच महिन्यात युनियनने सार्वत्रिक संप पुकारला. मागे राहिलेल्या पुढाऱ्यांचा अंदाज चुकला, असं मला वाटतं. सहा महिन्यांच्या उपासानंतर लगेच दुसरा सार्वत्रिक संप पेलण्याची ताकद उरली नव्हती. पण मुद्दा त्यांनी अचूक धरला होता. समितीतली माणसं निवडून काढली जाणार असतील तर समित्याच राहत नाहीत, आणि समित्या नसतील तर मजुरीचा कुठलाही करार कागदावरच राहतो.

त्याच वर्षी औद्योगिक तंटे कायदा आला आणि त्याखालचं पहिलं चौकशी न्यायालय याच संपासाठी नेमलं गेलं. न्या. पिअर्सन अध्यक्ष. सप्टेंबरात निष्कर्ष आला: संपाचा दोष युनियनचा. संप मोडला, युनियन विस्कटली, काढलेली माणसं बाहेरच राहिली. हिंदुस्थानातल्या औद्योगिक न्यायदानाची सुरुवात ही अशी, कामगारांच्या हरण्याने झाली.

अहमदाबादचा रस्ता वेगळा होता. १९१८ च्या संपानंतर तिथे लवादाची सवय पडली. मजूर महाजन उभं राहिलं आणि मालकांच्या बाजूने शेठ मंगळदास, कामगारांच्या बाजूने गांधीजी असा कायमचा लवाद काही काळ चालला. काढलेल्या माणसाची तक्रार महाजनाचा कार्यकर्ता घेऊन जायचा, बोलणी व्हायची, नाही मिटलं तर पंच. मुंबईत तसे पंच कधीच सापडले नाहीत, कारण दोन्ही बाजूंनी विश्वास टाकावा असा माणूस लालबाग-परळात उरला नव्हता. स्वातंत्र्यानंतर १९५६ मध्ये औद्योगिक विवाद कायद्यात ऐच्छिक लवादाचं कलम घातलं, १९६७ मध्ये त्याच्या प्रचारासाठी राष्ट्रीय मंडळही काढलं. तरी ते रुजलं नाही. १९६९ च्या राष्ट्रीय श्रम आयोगाने त्याची कारणं नोंदवली: विश्वासाचे पंच नाहीत, लवादाच्या निवाड्यावर अपील नाही, आणि शेजारीच सरकारी न्यायाधिकरणाचा सोपा रस्ता उघडा आहे.

मुंबईत मग सरकारच मध्ये आलं. १९३४ च्या समेट कायद्याने लेबर ऑफिसर नेमला. पाठोपाठ मालक संघानेही आपला नेमला, आणि १९३५ मध्ये बदली कामगारांना कार्डं देऊन मुकादमाची भरतीवरची पकड सैल करण्याचा प्रयत्न झाला. १९३८ मध्ये काँग्रेस मंत्रिमंडळाने मुंबई औद्योगिक तंटे विधेयक आणलं. स्थायी आदेश सक्तीचे झाले, औद्योगिक न्यायालय स्थापन करायचं ठरलं. पण बदल्यात समेटाची लांबण पार केल्याशिवाय संप केला तर तो गुन्हा. विधिमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर यावर तुटून पडले. संपाला गुन्हा ठरवणं म्हणजे माणसाला इच्छेविरुद्ध राबायला लावणं आणि ती गुलामगिरीच, ही त्यांची मांडणी होती. ७ नोव्हेंबर १९३८ ला स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून एक दिवसाचा संप केला. कायदा झालाच.

म्हणजे मालक नोकर काढू शकतो, पण कोर्ट त्याला माणूस ठेवायला लावू शकत नाही, कारण ती सक्ती. आणि कामगाराने मात्र समेट होईतो काम सोडायचं नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातला सगळा कामगार कायदा या विसंगतीवर उभा होता, असं म्हटलं तर फारसं चुकणार नाही.

ती मोडली एका वेगळ्याच मालकाच्या प्रकरणात, आणि तेही मुंबईतच. युद्धाच्या काळात भारत संरक्षण नियमांखाली सरकारने तंटे सक्तीने न्यायनिवाड्याकडे पाठवायला सुरुवात केली होती. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने ती पद्धत कायम केली. वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशन ही मोटारमालकांची संस्था. तिच्या कर्मचाऱ्यांचा तंटा मुंबईच्या न्यायाधिकरणाकडे गेला, त्यात काढलेल्यांना परत घेण्याची मागणी होती. संस्था म्हणाली, हा विषय तुमच्या कक्षेतलाच नाही. काढलेला माणूस आता आमचा कामगारच नव्हे, मग त्याच्याशी आमचा तंटा कसला? मुंबई उच्च न्यायालयाने ऐकलं नाही. प्रकरण दिल्लीला फेडरल कोर्टात गेलं आणि १९४९ मध्ये निकाल लागला: न्यायाधिकरण मालक-नोकराच्या जुन्या कायद्याला बांधलेलं नाही. औद्योगिक शांततेसाठी ते नवे हक्क आणि नवी कर्तव्यं निर्माण करू शकतं, आणि दिवाणी कोर्ट जे देऊ शकत नाही ते देऊ शकतं. काढलेल्याला परत घेण्याचा हुकूमही त्यात आला. वीस वर्षांपूर्वी ज्या मागणीसाठी गिरणगाव उपाशी राहिलं, ती आता कायदेशीर मागणी ठरली.

मालकांनी नवा रस्ता शोधला. १९५७ मध्ये इंडियन आयर्न अँड स्टील कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आखून दिलं की न्यायाधिकरणाने प्रत्येक बडतर्फीचं अपील ऐकत बसायचं नाही. हेतू वाईट असेल, सूड असेल, नैसर्गिक न्याय मोडला असेल, किंवा निष्कर्षाला काहीच आधार नसेल, तरच हात घालायचा. म्हणजे कंपनीने आतल्या आत नीट चौकशी केली की काम झालं. मग नीट चौकशी कशाला म्हणायचं? १९६३ च्या सुमारास एकापाठोपाठ निकाल आले, त्यांतले काही मूळचे साताऱ्याचे न्या. प्र. बा. गजेंद्रगडकर यांचे. आरोप लेखी द्या. साक्षीदार कामगाराच्या समोर तपासा. त्याला उलटतपासणी करू द्या. त्याचे साक्षीदार ऐका. त्यालाच आधी प्रश्न विचारून कोंडीत पकडू नका. शेवटी कारणांसह निष्कर्ष लिहा.

कामगारांच्या तोंडी ही ‘एन्क्वायरी’. टाइमऑफिसमागच्या खोलीत टेबल, पलीकडे चौकशी अधिकारी, बहुधा कंपनीचाच पगारी माणूस किंवा कंपनीच्या पॅनेलवरचा वकील. अलीकडे सस्पेंड झालेला कामगार, हातात इंग्रजीत टाइप केलेली चार्जशीट, सोबत युनियनचा एखादा कार्यकर्ता मिळाला तर मिळाला. प्रत्येक पानावर सही. तारखा पडत राहतात, आणि निर्वाह भत्ता अर्ध्या पगाराचा. नव्वद दिवसांवर लांबलं तर पाऊण, तोही नियम कायद्यात आला १९८२ मध्ये. गजेंद्रगडकरांसारख्या न्यायाधीशांचा हेतू चांगला होता यात शंका नाही. पण या निकालांनी कामगाराला जेवढं संरक्षण दिलं, तेवढंच मालकाला बिनचूक कसं काढायचं हेही शिकवलं. चौकशी चालवण्याचा एक आख्खा व्यवसाय त्यातून उभा राहिला.

दुसरी अडचण आणखी मुळातली होती. एकट्या माणसाला न्यायाधिकरणात जाताच येत नसे. १९५६ मध्ये नागपूरच्या सी. पी. ट्रान्सपोर्ट सर्व्हिसेसच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सर्वसाधारण कल मांडला तो असा, की एकट्याची तक्रार युनियनने किंवा सहकाऱ्यांनी उचलली तरच ती औद्योगिक तंटा होते. युनियनशी वाकडं असलेल्याने, किंवा जिथे युनियनच नाही तिथल्या माणसाने काय करायचं? १९६५ मध्ये औद्योगिक विवाद कायद्यात कलम २-अ आलं आणि बडतर्फीपुरती एकट्याची तक्रारही तंटा ठरली. तरी समेट अधिकाऱ्याकडून फाइल सरकारकडे, आणि सरकारला वाटलं तर कोर्टाकडे, हा वळसा राहिलाच.

मग त्याच कायद्यात आलं ते कलम ११-अ, डिसेंबर १९७१ मध्ये. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६३ मध्ये केलेली शिफारस त्यामागे होती. आता कोर्ट पुरावा स्वतः तोलू शकत होतं आणि शिक्षा जास्त वाटली तर कमी करू शकत होतं. या कलमाची पहिली मोठी झुंज शिवडीच्या फायरस्टोन टायर कारखान्याच्या नावाने गाजली. मार्च १९७३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने कामगारांना जिंकवलं आणि हरवलंही: ११-अ खाली कोर्टाचे अधिकार खरोखरच रुंदावले, मालकाचा निष्कर्ष आता अखेरचा नाही, पण हे कलम लागू होण्याआधी न्यायनिवाड्याला गेलेल्या तंट्यांना त्याचा फायदा नाही.

महाराष्ट्राने तोवर स्वतःचा कायदा करून ठेवला होता. १९७१ चा कामगार संघटनांना मान्यता आणि अनुचित कामगार प्रथा प्रतिबंध अधिनियम, कामगार कोर्टाच्या आवारात ज्याला सगळे ‘पल्प ॲक्ट’ म्हणतात. तो प्रत्यक्ष लागू झाला ८ सप्टेंबर १९७५ ला, आणीबाणी ऐन भरात असताना; नागरिकाचे हक्क गोठलेले आणि कामगाराच्या हाती नवा हक्क, असा तो योग. याच्या चौथ्या अनुसूचीचं पहिलं कलम गिरणगावाचा अनुभव जमेस धरूनच लिहिल्यासारखं वाचता येतं. सुडापोटी काढणं. दिखाऊ कारण पुढे करणं. खोट्या फौजदारी खटल्यात अडकवून काढणं. रजेशिवाय गैरहजर राहिल्याचा बनावट आरोप. चौकशीत अवाजवी घाई. किरकोळ चुकीला धक्कादायक शिक्षा. आणि महत्त्वाचं म्हणजे सरकारची परवानगी न मागता कामगाराने नव्वद दिवसांत थेट कोर्टात तक्रार करायची. देशातल्या बाकीच्या बहुतेक कामगारांना असा थेट रस्ता २०१० पर्यंत नव्हता.

रस्ता थेट होता, जवळचा नव्हता. पुण्याच्या भारत फोर्जमधलं एक प्रकरण पाहा. २६ ऑगस्ट १९८३, पहिली पाळी, सकाळचे ११.४०. एक हेल्पर काम सोडून लोखंडी पत्र्यावर गाढ झोपलेला सापडला. यापूर्वी तीनदा हेच झालं होतं आणि सौम्य शिक्षा झाल्या होत्या. या वेळी चौकशी होऊन बडतर्फी झाली. कामगार कोर्टाने आरोप मान्य केला, पण शिक्षा अति आहे म्हणून परत घ्यायला सांगितलं. पुढे औद्योगिक न्यायालय, उच्च न्यायालयाचं एकल पीठ, खंडपीठ. प्रत्येक पायरीवर निकाल निराळा. जानेवारी २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बडतर्फी कायम केली. झोपेला शिक्षा किती, हे ठरवायला एकवीस वर्षं. निकाल बरोबर की चूक यावर माझं फारसं म्हणणं नाही. चौथ्यांदा झोपलेल्या माणसाची बाजू घेणं मलाही अवघड वाटतं. पण बरोबर असला तरी तो २००५ मध्ये काय कामाचा, कंपनीला आणि त्या माणसालाही?

गैरहजेरीचं दुसरं प्रकरण हरियाणातलं, पण त्याचं मूळ थेट फॉसेट समितीपुढच्या वादात जातं. आठ दिवसांहून जास्त न कळवता खाडा झाला तर नोकरी आपोआप संपली, असं एका कंपनीच्या स्थायी आदेशात होतं. कामगार म्हणाला, मी येत होतो, मला गेटवर अडवलं. कंपनी म्हणाली, तो आलाच नाही. चौकशी नाहीच, कारण नोकरी ‘आपोआप’ गेलेली. हे घडलं १९८० च्या डिसेंबरात. १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, आपोआप काही जात नाही, म्हणणं ऐकून घ्यावंच लागेल. परत घ्या आणि निम्मा थकीत पगार द्या.

मधल्या काळात मुंबईत मात्र न्यायालयाच्या आवाक्याबाहेरची गोष्ट घडून गेली होती. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने कामगारांतर्फे बोलण्याचा अधिकार एकट्या मान्यताप्राप्त राष्ट्रीय मिल मजदूर संघाला होता, त्यामुळे ज्यांच्या मागे कामगार होते त्यांना कायद्याच्या टेबलाशी खुर्चीच नव्हती. संप कधी मागे घेतला गेला नाही. हजारो माणसं पुन्हा कधी साच्यावर उभी राहिली नाहीत. १९२९ पासून काढलेल्या एकेका माणसासाठी लढून मिळवलेलं सगळं न्यायशास्त्र इथे फारसं उपयोगी पडलं नाही.

नव्या कारखान्यांत तर काढायची गरजच राहिली नाही. माणूस कंत्राटदाराचा, उद्या पाठवू नका म्हटलं की संपलं. अशा कामगारांनी पल्प ॲक्टखाली तक्रारी केल्या तेव्हा २००१ मध्ये सिप्ला प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, हा माणूस कंपनीचा कामगार आहे की नाही हाच वाद असेल तर तो आधी औद्योगिक विवाद कायद्याखाली सोडवा, मग या कायद्याकडे या. आधीची लढाई जिंकल्याशिवाय नंतरची सुरूच होत नाही. चाकण-रांजणगावच्या पट्ट्यात कंत्राटी कामगारासाठी याचा अर्थ काय होतो, हे तिथल्या कुठल्याही कामगार वकिलाला ठाऊक आहे.

राहता राहिला थकीत पगार. परत घेण्याचा हुकूम निघेतो वर्षं उलटतात, त्या वर्षांचं काय? १९७८ मध्ये हिंदुस्थान टिन वर्क्स प्रकरणात न्या. देसाईंनी लिहिलं की बेकायदा काढलं असेल तर पूर्ण थकीत पगार हाच नियम, कमी द्यायचा तर कारण दाखवा. प्रत्यक्षात त्या प्रकरणात ७५ टक्के दिला. १९८४ पासून औद्योगिक विवाद कायद्याचं कलम १७-ब लागू झालं: मालक वरच्या कोर्टात गेला तर कामगाराला तोवर शेवटचा पगार चालू ठेवायचा. नव्वदीनंतर वारं फिरलं. काम नाही तर दाम का, असं न्यायमूर्तीच विचारू लागले आणि परत घेण्याऐवजी ठोक रक्कम देऊन मोकळं करण्याचे निकाल वाढले. २०१३ मध्ये महाराष्ट्रातल्या एका शाळेतून काढलेल्या शिक्षिकेच्या प्रकरणात न्या. सिंघवींच्या पीठाने पुन्हा जुना नियम उचलून धरला. खटले लांबतात ते बहुतेकदा न्यायाधीश आणि साधनं अपुरी पडल्यामुळे, कामगारामुळे नव्हे; तेव्हा उशीर झाला म्हणून त्याचा पगार कापणं अन्यायाचं आहे, असं त्या निकालात स्पष्ट म्हटलं आहे. तिला पूर्ण थकीत पगार मिळाला.

२०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत एकट्या कामगाराचा थेट दाद मागण्याचा हक्क शाबूत आहे. काढल्यापासून कोर्टात येण्याची मुदत पूर्वी तीन वर्षांची होती. ती दोन केली आहे. खटला किती वर्षांत संपेल याची खात्री मात्र कुणी देत नाही.